जुन्या नाटकातून ऐतिहासिक रहस्यकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणारे, लिहू पाहणारे आणि अर्ध्यावर वही मिटवून ठेवलेले, अशा तिन्ही प्रकारच्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं, असा प्रयत्न आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात हवी असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाटकावरून रहस्यकथा लिहायची म्हणजे नाटकाची कादंबरी करायची का?

नाही. संवादांच्या मध्ये वर्णनं घातली की नाटकाची कादंबरी होते, रहस्यकथा होत नाही. नाटकाने उभं केलेलं जग, माणसं आणि काळ घ्यायचा, आणि नाटकाने ज्या गोष्टीकडे पाठ फिरवली तिचा तपास करायचा. तपास तुमचा, गुन्हाही बहुधा तुमचाच. नाटककाराकडून उसनं घ्यायचं ते गाव, घर आणि तिथला पेच.

२. नाटकाचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. मग रहस्य उरतं कुठे?

विंगेत. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलं आहे की युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात. ग्रीक शोकांतिकेतही खून आत होतो आणि बातमी घेऊन निरोप्या बाहेर येतो. थोडक्यात, जुनं नाटक बघणाऱ्याने प्रेत क्वचितच पाहिलं; त्याने ऐकली ती कुणाची तरी साक्ष. आणि साक्ष म्हटली की ती खोटी असू शकते, अर्धी असू शकते, भीतीपोटी दिलेली असू शकते. आपला धंदा तिथून सुरू होतो.

माझं आवडतं उदाहरण शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तलं. आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार पुष्पकरंडक उद्यानात वसंतसेना या गणिकेचा गळा दाबतो आणि ती मेली असं समजून तिच्यावर पाचोळा लोटतो. नवव्या अंकात तिचा प्रियकर चारुदत्त याच्यावर खुनाचा खटला उभा राहतो. न्यायाधीश वीरक नावाच्या रक्षकाला घोड्यावरून उद्यानात पाठवतात. तो परत येऊन सांगतो, एका बाईचं प्रेत श्वापदं फाडून खात होती. पण वसंतसेना तर जिवंत आहे! एका भिक्षूने तिला वाचवलं आहे. मग ते प्रेत कुणाचं?

इथे शूद्रकाची चलाखी बघा. आठव्या अंकातच, शकाराचा सोबती विट परत येतो तेव्हा तो जाता जाता बोलून जातो की वाटेत झाड पडलंय आणि त्याखाली एक बाई ठार झाली आहे. एक वाक्य, बस्स. वाचणारे बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात, कारण सगळ्यांचा जीव वसंतसेनेत अडकलेला असतो. पुढे त्याच बाईच्या उरल्यासुरल्या देहावर एक निरपराध माणूस सुळापर्यंत पोचतो. तिचं नाव कुणी विचारत नाही. ना न्यायाधीश, ना चारुदत्त, ना नाटककार.

नाटक जिला 'एक बाई' म्हणून सोडून देतं, तिला नाव द्यायचं. या प्रकाराबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत ते फिरून येईल.

३. पहिल्यांदाच लिहितोय. कुठलं नाटक घेऊ?

'मृच्छकटिक' घ्या. राजवाड्याबाहेरचं, रस्त्यावरचं असं इतकं मोठं जग दुसऱ्या संस्कृत नाटकात क्वचितच सापडतं. जुगारी, मालिश करणारा, गाडीवान, पहारेकरी, गणिका, चोर, कोर्टातला लेखनिक, सगळे हजर. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपामुळे मराठी वाचकाला ते परकंही वाटत नाही.

तिसऱ्या अंकातला शर्विलक नुसता वाचा. भिंतीला भोक पाडण्याआधी तो कारागिरासारखा विचार करतो: भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीचा पेंड असेल तर भिजवायचा, लाकूड असेल तर फोडायचं. भोकाच्या आकारांची यादी त्याला तोंडपाठ आहे: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ. मापायची दोरी घरी विसरला म्हणून गळ्यातलं जानवं काढून माप घेतो. दिवा विझवायला खास किडा सोडतो. आता तुमच्या तपासनीसाला दुसऱ्या एखाद्या घराला पूर्णकुंभाच्या आकाराचं भोक दिसलं, तर तो चोराची सही वाचू शकतो. मात्र शर्विलक त्या रात्री तिथे नव्हता, असं ठेवा. मग त्याची सही कुणी केली?

'मुद्राराक्षस' दुसऱ्या क्रमांकावर (पुढचा प्रश्न पाहा). 'शाकुंतला'तला कोळ्याला पकडणाऱ्या शिपायांचा प्रवेश फार गोड आहे. आधी मारहाण, मग बक्षिसात वाटा, मग सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे. पण एवढ्या ऐवजावर कादंबरी उभी राहणार नाही. लघुकथा होईल.

४. 'मुद्राराक्षसा'त चाणक्य आयताच मिळतो. त्यालाच तपासनीस केलं तर?

मोह होतो, कबूल. विशाखदत्ताने त्याला शोभेल असा तर्कही दिला आहे. चंद्रगुप्ताच्या शय्यागृहाखाली मारेकरी दडून बसलेले असतात. चाणक्याला भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येताना दिसते आणि मुंग्यांच्या तोंडात अन्नाचे कण असतात. आत माणसं जेवताहेत, हे तो ओळखतो आणि ती जागा पेटवून देतो. रहस्यकथेचा प्रकार जन्माला येण्याच्या कितीतरी शतकं आधी लिहिलेला हा तर्क आहे.

पण चाणक्याला शोधायचं काही उरत नाही, कारण बहुतेक गुन्हे त्यानेच घडवलेले आहेत. पर्वतकाला विषकन्येकडून मारवणारा तोच, खोटं पत्र लिहवून घेणारा तोच. सगळं जाणणारा तपासनीस वाचकाला कंटाळा आणतो, आणि सगळं करणारा तपासनीस फसवणूक वाटते.

त्यापेक्षा कडेचं माणूस घ्या. पहिल्या अंकात यमपट, म्हणजे यमाच्या चित्रांचा पट, दाखवत दारोदार फिरणारा हेर चाणक्याचा शत्रू अमात्य राक्षस याची मुद्रा, म्हणजे शिक्क्याची अंगठी, घेऊन येतो. ती त्याला कशी मिळाली? चंदनदासाच्या घरात एक लहान मूल दाराबाहेर धावलं, त्याला आत ओढताना तिथे लपून राहिलेल्या राक्षसाच्या बायकोच्या बोटातली सैल अंगठी निसटून उंबऱ्यापलीकडे घरंगळली. पुढचं सगळं राजकारण त्या अंगठीवर चालतं. ती बाई घरात बसून काय विचार करत असेल? आपल्या बोटातून काय गेलं हे तिला कधी कळलं? नवऱ्याला तिने सांगितलं का? सात अंकांच्या या नाटकात रंगमंचावर येऊन बोलणाऱ्या बायका जवळजवळ नाहीतच, आणि तुमची तपासनीस मात्र तिथेच बसलेली आहे.

५. काळ कोणता धरायचा? नाटकातला, नाटककाराचा, की प्रयोगाचा?

तिन्ही चालतात, पण एका कथेत एकच. 'मृच्छकटिका'तला राजा पालक परंपरेप्रमाणे प्रद्योताचा मुलगा, म्हणजे बुद्धाच्या काळाच्या आसपासचा. नाटक लिहिलं गेलं ते कित्येक शतकांनंतर. देवलांचं संगीत 'मृच्छकटिक' रंगमंचावर आलं ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे नाटक जिथे घडतं त्या उज्जैनच्या तीन वेगळ्या नगरी झाल्या. पहिलीत नाणी, वस्त्रं, कायदा यांबद्दल पुरावा विरळ, म्हणून सूट जास्त आणि कष्टही जास्त. दुसरीत नाटकातलाच तपशील हाताशी येतो. तिसरी उज्जैन पडद्यावर रंगवलेली आहे, आणि खून पडद्यामागे होतो (प्रश्न ८).

नवशिक्याला मी दुसरा काळ सुचवतो. नाटककाराने आपल्या डोळ्यांसमोरचंच शहर रंगवलं असणार, राजाचं नाव जुनं असलं तरी.

६. पेशवाईवरच्या नाटकांतून लिहायचं आहे. 'ध चा मा'वर पुन्हा लिहिण्यासारखं काही उरलंय का?

उरलंय, पण 'ध' आणि 'मा' सोडून.

खरं काय ते आधी पाहू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही नावं सर्वांना माहीत आहेत. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरलं. पकडण्याच्या हुकुमात 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, ही कथा मात्र कागदाने सिद्ध झालेली नाही. तसा कागद समोर आलेला नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९च्या 'भाऊबंदकी'ने हे सगळं प्रकरण रंगभूमीवर पक्कं केलं. आज आपल्या डोळ्यांसमोर जे रामशास्त्री उभे राहतात ते बरेचसे नटांनी घडवलेले आहेत.

त्यामुळे 'अक्षर कुणी बदललं' या प्रश्नावर कथा रचाल तर इतिहासाचा नव्हे, आख्यायिकेचा तपास कराल. तसं करायला हरकत नाही, फक्त ते जाणून करा. आणि त्याआधी मोडीत ते दोन्ही शब्द स्वतःच्या हाताने, बोरूने लिहून पाहा. देवनागरी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली खाडाखोड मोडी कागदावर जमते का, ते तुमचं तुम्हाला कळेल. माझ्याकडे आलेल्या निम्म्या कथा या एका पायरीवर अडल्या असत्या.

मला जास्त ओढतं ते दुसरंच. त्या दुपारी वाड्यात एकटे नारायणराव मेले नाहीत. त्यांना वाचवायला अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर मेला, इतर नोकर मेले, दासीही मेल्या. चाफाजीचं नाव तरी राहिलं. त्या दासी कोण होत्या? पळापळीत सापडल्या, की त्यांनी काही पाहिलं होतं? पेशव्याच्या खुनाच्या आडोशाला कुणी आपला जुना हिशेब चुकता केला असेल तर? दंगलीत एक खून दडवणं ही जुनी युक्ती आहे, पण इथे ती जागेवर बसते, कारण रामशास्त्र्यांची चौकशी पेशव्याच्या मृत्यूची होती. दासीसाठी न्यायसभा कोण भरवणार?

खाडिलकरांचंच 'सवाई माधवरावांचा मृत्यू' हे दुसरं नाटक. ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. तोल गेला, तापात उडी घेतली, की दुसरं काही, हा वाद अजून मिटलेला नाही. खाडिलकरांनी त्यात हॅम्लेट आणि इयागो यांची छाया आणली. रहस्यकथेला ही बैठक 'भाऊबंदकी'पेक्षा सोयीची, कारण इथे निकाल लागलेलाच नाही. वाड्याचा आराखडा मात्र आजच्या अवशेषांवरून रचू नका. १८२८च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. पुण्याचं पेशवे दफ्तर, सरदेसायांनी संपादित केलेले त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, हे तीन दरवाजे ठोठवा.

७. खऱ्या ऐतिहासिक व्यक्तीला खुनी ठरवलं तर चालेल का?

माझं मत: निकाल उघडा असेल तिथे पात्राकरवी संशय घ्या, लेखक म्हणून शिक्का मारू नका. शेक्सपिअरने तिसऱ्या रिचर्डला कुबड्या, कपटी आणि पुतण्यांचा मारेकरी म्हणून उभा केला. २०१२ साली लेस्टर शहरात एका गाड्या लावायच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वळलेला होता खरा, पण नाटकातलं कुबड नव्हतं. पुतण्यांचं काय झालं ते हाडं सांगू शकत नाहीत. आपल्याकडे आनंदीबाईंचं तेच झालं आहे. शतकभर टाळ्या पडल्या की आरोपाचा पुरावा होतो. त्यात आणखी एक टाळी कशाला?

सुरक्षित आणि खरं तर जास्त मजेचा मार्ग असा: खुनी कल्पित ठेवा, बडी माणसं त्याला पाठीशी घालतात की नाही एवढंच इतिहासाशी जोडा.

८. संगीत नाटकाच्या काळातल्या नाटक मंडळीत खून घडवायचा आहे. काय लक्षात ठेवू?

या विषयावर सर्वांत जास्त पत्रं येतात आणि त्यांतल्या निम्म्यांत 'एकच प्याला'च्या प्रयोगात प्याल्यात खरं विष असतं. कृपा करून नको. ती कल्पना सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत सुचते, वाचकालाही.

नाटक मंडळी म्हणजे फिरतं गाव. बिऱ्हाड एक, भटारखाना एक, मालक आणि भागीदार वेगळे, पगारी नट वेगळे. स्त्रीपार्टी नटाचा मान मोठा आणि त्याचं वय वाढण्याची भीती त्याहून मोठी. त्याच्या जागी उभा राहायला टपलेला बदली नट रोज विंगेत तीच पदं ऐकतो. हेतू शोधायला लांब जायला नको.

वेळेचा पुरावा ही इथली खरी गंमत आहे. प्रॉम्प्टरच्या संहितेवरून अंकाला किती वेळ लागतो ते सांगता येतं, पण वन्समोअर पडला की हिशेब मोडला. 'मी दुसऱ्या अंकाच्या शेवटी रंगपटात होतो' असं सांगणाऱ्याचं खोटं कसं पकडाल? त्या रात्री एकच पद तीनदा झालं होतं, आणि हे प्रेक्षकाला माहीत, तबलजीला माहीत, पण रंगपटात नसलेल्या माणसाला माहीत नाही. ही युक्ती कुणीही उचला, माझी हरकत नाही.

मुहूर्त हवा असेल तर ८ जुलै १९२१ पाहा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केला. दोन कंपन्या, दोन रंगपटांची माणसं, दोन्हीकडचे साथीदार, एकच विंग. अनोळखी माणूस दिसला तर प्रत्येकाला वाटणार, 'त्यांच्याकडचा असेल.' याहून सोयीची जागा मारेकऱ्याला कुठे मिळणार?

राजकीय धार हवी असेल तर खाडिलकरांचं 'कीचकवध'. १९०७चं नाटक, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१०मध्ये सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. नाट्यप्रयोगांवर बंधन घालणारा कायदा १८७६पासून होताच. थिएटरात वही घेऊन बसलेला सरकारी माणूस काय टिपून घेतो आणि काय गाळतो, यावर कथा उभी राहते.

९. पोलीस नव्हते त्या काळात तपास कोण करणार?

प्रत्येक काळात कुणीतरी करतच होतं. 'मृच्छकटिका'तल्या न्यायसभेत न्यायाधीश म्हणजे अधिकरणिक, सोबत श्रेष्ठी (व्यापाऱ्यांचा प्रमुख) आणि कायस्थ (लेखनिक). निर्णय आमचा, बाकी राजाचं, असं अधिकरणिक स्वतःच सांगतो. म्हणजे गुन्हा ठरवणारा एक आणि शिक्षा देणारा दुसरा. या फटीत केवढी कथा मावते! अधिकरणिक चारुदत्ताला हद्दपारी सुचवतो, पालक राजा सूळ फर्मावतो.

पेशवाईत पुण्यात कोतवाल आणि त्याच्या चावड्या, खेड्यात पाटील-कुलकर्णी, आणि पहाऱ्याला रामोशी. चोरीचा माग काढायची रीत तर कथाकाराला वरदान आहे: पावलांचा माग ज्या गावाच्या शिवेत संपेल, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा किंवा भरपाई भरायची. म्हणजे अख्खं गाव रातोरात तपासनीस होतं, आणि अख्ख्या गावाला माग पुसण्याचं कारणही असतं.

इंग्रजी अमलात भारतीय दंड संहिता १८६२पासून लागू झाली. ठशांचा पुरावा मात्र १८९७च्या आधीच्या कथेत आणू नका. बोटांच्या ठशांचं कार्यालय कोलकात्यात निघालं ते १८९७ साली.

१०. संवादांची भाषा कशी ठेवू? 'जी हुजूर, आज्ञा असावी' लिहिलं की सगळी माणसं सारखीच वाटतात.

कारण ती नाटकातल्या दरबाराची भाषा आहे, दरबाराची नव्हे. संस्कृत नाटकांची एक गोष्ट उचला: तिथे प्रत्येकाची बोली वेगळी. राजा आणि विद्वान संस्कृतात, बायका आणि सेवक वेगवेगळ्या प्राकृतांत. शकाराच्या तोंडी मागधी, 'स'च्या जागी 'श', म्हणून तर तो शकार. बोलीवरून माणूस ओळखू येतो, आणि बोलीवरून पकडलाही जातो.

'मृच्छकटिका'च्या सहाव्या अंकात वीरकाचा जोडीदार रक्षक चंदनक गाडी तपासताना आत लपलेला, राजाच्या कैदेतून पळालेला आर्यक पाहतो. त्याला सोडायचं ठरवतो आणि बोलताना आधी पुल्लिंगी शब्द वापरून घाईने स्त्रीलिंगी करतो. वीरकाच्या कानाला तेवढं पुरतं. मग चंदनक सारवासारव करतो: आम्ही दक्षिणेकडची माणसं, आमचं बोलणं अस्पष्टच. आणि तरीही निभावत नाही म्हणून कर्नाटकी पद्धतीचं भांडण उकरून काढतो. एका प्रत्ययावर बेतलेला संशय! मराठीत तर लिंग क्रियापदातही उतरतं. 'आला' आणि 'आली' यांत जीभ घसरली की संपलं. फुकटचा दुवा आहे, वापरा.

कालचं वाटावं म्हणून 'जाहला', 'करितो' पेरण्यापेक्षा आजचे शब्द गाळा. 'प्रतिक्रिया', 'वातावरण', 'भूमिका घेणे' एवढं काढलं तरी शंभर वर्षं मागे जाता येतं.

११. तपशिलाच्या कोणत्या चुका सर्वांत जास्त दिसतात?

मिरची. प्राचीन उज्जैनच्या स्वयंपाकघरात ठेचा वाटला जातो. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू हे सगळं पोर्तुगीजांच्या वाटेने आलं. तिखटाला मिरी आणि पिंपळी होती. माझ्या पहिल्या कथेत मीही वसंतसेनेच्या आईला मिरची खुडायला बसवलं होतं, म्हणून हे इतक्या आपुलकीने सांगतोय.

त्याखालोखाल काडेपेटी. पेशवाईत कुणी काडी ओढत नाही. चकमक आहे, निखारा आहे, समई आहे. अंधारात पटकन उजेड होत नाही, हे विसरलात तर अर्धं रहस्य पोकळ होतं.

आणि वेळ. 'बरोबर पाच मिनिटांनी' म्हणणारा शिलेदार नको. घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्र मिळून ६०. सामान्य माणूस एवढंही काटेकोर बोलत नसे. 'दिवेलागणीला', 'गाई परतताना', 'पहिला कोंबडा आरवला तेव्हा'. गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करणं या काळात फार अवघड, आणि मोडून काढणंही तितकंच.

विषाबद्दल: शरीरातलं सोमल पकडायची खात्रीची रासायनिक चाचणी १८३६मध्ये आली. त्याआधीच्या तुमच्या वैद्याला लक्षणं, कुत्रं आणि अंदाज एवढ्यावरच भागवावं लागेल.

१२. मूळ नाटकातले संवाद आणि पदं कथेत वापरता येतात का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर (मृत्यू १८८५), देवल (१९१६), गडकरी (१९१९) कधीच मोकळे झाले. खाडिलकर १९४८मध्ये गेले, म्हणजे २००८अखेर हक्क संपला. आचार्य अत्रे १९६९मध्ये गेले. २०२९ संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या. कुसुमाग्रज (१९९९), विजय तेंडुलकर (२००८) यांच्या बाबतीत परवानगीला पर्यायच नाही.

दोन खाचा. एक, मूळ संस्कृत किंवा इंग्रजी नाटक मोकळं असलं तरी त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद मोकळा नसतो. दोन, पदाचे शब्द मोकळे असले तरी एखाद्या ध्वनिमुद्रणाचे हक्क निराळे; ऐकण्याजोगं पुस्तक काढणार असाल तर हे आधी तपासा. कल्पना, कथानकाचा साचा, ऐतिहासिक घटना यांवर हक्क नसतो. गुंतागुंत असेल तर वकिलाला विचारा, मी वकील नाही.

१३. परदेशी नाटक घेतलं तर मराठीत ते ओढूनताणून वाटणार नाही का?

महाराष्ट्रात आणायचं ठरवलंत तर वाटेल. तिथेच ठेवलंत तर नाही. आगरकरांनी १८८३मध्ये हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी १८९०मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, ते रंगभूमीसाठी होतं आणि उत्तम होतं. रहस्यकथेला मात्र मूळ गावच्या चालीरीती लागतात, नाहीतर पुरावे जुळत नाहीत.

विंगेतले प्रश्न तिकडेही भरपूर. हॅम्लेटचा बाप बागेत झोपला असता साप चावून मेला, असं डेन्मार्कला सांगितलं गेलं. प्रेत पाहून साप म्हणणारा वैद्य कोण? ऑफिलिया बुडाल्याचं राणी इतकं बारकाईने सांगते, फांदी कशी मोडली, वस्त्रं कशी पसरली. हे सगळं जो कुणी काठावरून बघत होता त्याने हात का दिला नाही? आणि सोफोक्लीजचा इडिपस: बापाच्या खुनातून वाचलेला एकमेव साक्षीदार सांगतो की मारणारे लुटारू अनेक होते. इडिपस म्हणतो, मी तर एकटा होतो. एक म्हणजे अनेक होऊ शकत नाही, हे तो स्वतःच बोलतो. पुढे तो साक्षीदार येतो, पण त्याला हा प्रश्न कुणी विचारतच नाही!

१४. विनोदी नाटकातून खुनाची कथा निघेल का?

निघेल, आणि बरी निघेल. 'संशयकल्लोळ' (१९१६) सगळं एका तसबिरीच्या हातोहात फिरण्यावर चालतं. माणसं जे पाहतात ते खरं असतं आणि त्यावरून जो निष्कर्ष काढतात तो हमखास चुकीचा. रहस्यकथेचा पाया दुसरा काय असतो? फक्त फाल्गुनरावाच्या संशयाला हसता हसता एका क्षणी वाचकाचं हसू थांबलं पाहिजे. देवलांनी माणसांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली आहेत. त्या यादीत जे नाव नाही, त्या नावाचा एखादा माणूस आणून बघा.

१५. वाचकाने मूळ नाटक वाचलेलंच नसेल तर?

बहुतेकांनी नसतंच. कथा स्वतःच्या पायावर उभी हवी. नाटक माहीत असलेल्याला एक जास्तीचा घास मिळावा, नसलेल्याला ताट रिकामं वाटू नये. पहिल्या प्रकरणात नाटकाचा सारांश देऊ नका. तो भाग वाचताना मी स्वतः पानं उलटतो.

१६. नाटकातल्या घटना बदलल्या तर चालतील का? उदाहरणार्थ, चारुदत्तच खरा गुन्हेगार?

चालेल, पण मग नाटकाने दाखवलेली प्रत्येक गोष्ट तशीच घडून तो गुन्हेगार ठरला पाहिजे. जे दाखवलं ते पाळायचं, जे दाखवलं नाही ते आपलं. आठव्या अंकात शकाराने गळा दाबताना प्रेक्षकांनी पाहिला आहे, तो दुसऱ्याने दाबला असं म्हणता येणार नाही. पण कोर्टात वसंतसेनेची आई दागिने ओळखायला नकार देते, 'तसेच दिसतात, पण ते नव्हेत' म्हणते. ती खोटं बोलते आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. का बोलते, याबद्दल मात्र तुम्ही दोन-तीन कारणं शोधू शकता, आणि त्यांतलं एक चारुदत्ताला अडचणीचं असू शकतं.

१७. झाडाखाली मेलेल्या त्या बाईवर (प्रश्न २) मीच कथा लिहिली तर? की ती तुमची राखीव आहे?

राखीव काहीच नाही. आजवर तिघांनी मला या बाईवरच्या कथा पाठवल्या आणि तिन्ही बायका वेगळ्या निघाल्या: एक फुलं तोडायला आलेली माळीण, एक शकाराच्याच घरातून पळालेली, एक गाडी चुकलेली. त्या दिवशी उज्जैनमध्ये गाड्यांची अदलाबदल झाली होती हे आठवा. वसंतसेना चुकीच्या गाडीत बसली, आर्यक दुसऱ्या गाडीत लपला. तिसरं कुणी वाट चुकलं नसेल कशावरून?

लिहिण्याआधी नवव्या अंकातला तेवढा भाग पुन्हा वाचा. वीरक परत येतो तेव्हा श्रेष्ठी आणि कायस्थ त्याला विचारतात, प्रेत बाईचंच होतं हे कशावरून कळलं? तो सांगतो, उरलेले केस, हात, पाय यांवरून. म्हणजे हात शिल्लक होते. हातात बांगड्या होत्या का, तळव्याला घट्टे होते का, पायात काय होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. वसंतसेनेने सकाळीच आपले दागिने चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत घालून दिले होते, तेव्हा तिचे हात रिकामे असणार. या बाईचे होते का?

शिवाय वीरक त्या दिवशी कोर्टात आला होता तो स्वतःची फिर्याद घेऊन: चंदनकाने लाथ मारली म्हणून. चिडलेला, घाईत, अपमानाने तापलेला माणूस. त्याने घोडा थांबवून नीट पाहिलं, की लांबूनच?

तिथून सुरुवात करा.